प्रश्न सहावा

लासूर स्टेशन
३ जुलै २०२५

चि. रत्नमाला,

जय भीम.

फोन न करता लिहितो आहे, कारण माझ्या दोन्ही कानांनी आता जवळजवळ रजा घेतली आहे. फोनवर तुझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी माझ्या मनानं भरतो. आपला कडुबा गुलमंडीतल्या कापडदुकानात कामाला आहे, रोज रेल्वेनं अप-डाउन करतो. उस्मानपुऱ्यात तुझ्या क्लिनिकवर तो हे पत्र देईल. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

तुझ्या काकूची कंबर दोन महिन्यांपासून धरली आहे. शाळेत एकोणीस वर्षं खिचडीची पातेली उचलली, त्याचं हे बक्षीस. इथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. काल मी त्यांना म्हणालो, माझी पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडं नेतो. तर म्हणाले, "सर, आधी शहरात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते चिठ्ठी देतील, मग जा. तसं डायरेक्ट जात नसतात."

डायरेक्ट जात नसतात! हे वाक्य मी सत्तर वर्षांत किती तोंडांतून ऐकलं. माझ्या आज्याला पाणवठ्यावर डायरेक्ट जाता येत नव्हतं, कुणीतरी वरून पाणी ओतावं लागे. बापाला कचेरीत डायरेक्ट जाता येत नव्हतं. देवाकडंही डायरेक्ट जात नसतात म्हणे, म्हणून आम्ही तो रस्ताच सोडला. मध्ये उभा राहणारा माणूस प्रत्येक काळात नवा डगला घालून येतो. मी आता थकलो आहे. गुडघे बोलतात, कान बोलत नाहीत. पण त्या मधल्या माणसाला बाजूला हो म्हणण्यापुरतं बळ अजून आहे.

तू साडेचार वर्षं शिकलीस ती कुणाच्या चिठ्ठीची वाट बघत बसायला नव्हे. पुढल्या सोमवारपासून काकूला घेऊन येतो. नाही म्हणू नकोस.

तुझा काका,
अप्पाराव

*

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
८ जुलै २०२५

काका, जय भीम.

काकूंना जरूर आणा. नाही कशाला म्हणू?

तुम्ही सांगितलं होतं तसं पाटीवर 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही तपासणी होईल' असं लिहून घेतलं, त्याला सात महिने झाले. लोक पाटी वाचतात, आत डोकावतात आणि विचारतात, "मॅडम, डॉक्टर कधी येतात?" मी म्हणते, तपासणारी मीच. मग ते पुन्हा चपला घालतात. परवा एका आजोबांनी विचारलं, "मालिश इथंच होती का?" मी म्हटलं, नाही. "मग येवढी गादी कशाला टाकली?" म्हणाले. दिवसभर त्या गादीकडं बघत बसण्यानं जितका थकवा येतो तितका पेशंट करून येत नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. चिठ्ठी नाही याचा अर्थ माझ्याआधी कुणी नीट पाहिलेलं नाही. मग डॉक्टरांनी जे विचारायचं ते मलाच विचारावं लागतं. बहुतेक कंबरदुखी साधी असते, व्यायामानं आटोक्यात येते. शंभरातली एखादी तशी नसते. ती एखादी ओळखता यावी म्हणून सोबत आठ प्रश्न पाठवते आहे. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर काकूंना माझ्याकडं नाही, आधी डॉक्टरांकडं न्यायचं. काकूंना विचारून लिहा.

रत्ना

*

लासूर स्टेशन
१२ जुलै २०२५

चि. रत्नमाला,

परीक्षेचा पेपर सोडवून पाठवतो आहे. मास्तर मी, आणि पेपर तू काढतेस!

ताप येतो का? नाही. वजन उतरलं का? ती म्हणते, उतरलं असतं तर बरं झालं असतं. पडली होती का? नाही. पूर्वी कॅन्सरसारखा मोठा आजार? नाही. पायातली ताकद गेली का? कालच दळण घेऊन चालत आली, म्हणजे नाही.

सहावा प्रश्न तू लांबलचक घातला आहेस. लघवी अडते का, नकळत होते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का. परवा आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आता तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन आणि दर पौर्णिमेला माझं भाषण. त्याचं ठरवायला पाच-सहा मंडळी ओसरीवर बसली होती आणि काकू चहा देत होती. तेव्हाच मी तिला विचारून घेतलं. माझा आवाज तुला माहीत आहे. स्वतःचा स्वतःला ऐकू येत नाही म्हणून आणखी चढतो. त्यांतला रामेश्वर म्हणाला, "सर, पार रेल्वे फाटकापर्यंत गेला प्रश्न!" सगळे हसले. काकूनं मान हलवली आणि कप गोळा करून आत गेली. तेव्हा लिही, नाही.

सातवा नाही, आठवा नाही. पास का?

अप्पाराव

*

उस्मानपुरा
२२ जुलै २०२५

काका, जय भीम.

काकूंच्या दोन फेऱ्या झाल्या. वाकताना दुखणं कमी आहे असं तुम्ही म्हणालात. सोबत व्यायामांची चित्रं काढून दिली आहेत. पाठीवर निजून गुडघे वाकवायचे, पोट हळू आत घ्यायचं, दहा वेळा. घागर उचलायची नाही. जमिनीवर फार वेळ बसायचं नाही. विहारात खुर्ची मागून घ्या, त्यात कमीपणा नाही.

रागावू नका, पण तपासताना मी काकूंना विचारते आणि उत्तर तुम्ही देता. "कळ पायात उतरते का?" तर तुम्ही म्हणता, "मांडीपर्यंत." "किती दिवस?" तर तुम्ही म्हणता, "मे महिन्यापासून." तक्रार तुमच्या कंबरेची नाही, काकूंच्या कंबरेची आहे. काकू नुसत्या हसतात आणि भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघतात. मागच्या सोमवारी मला म्हणाल्या, "ह्या बाईला किती हाडं गं!" तेवढंच त्यांचं स्वतःचं वाक्य.

पुढल्या सोमवारी वाट बघते.

रत्ना

*

लासूर स्टेशन
१० ऑगस्ट २०२५

चि. रत्नमाला,

काल श्रावण पौर्णिमा. विहार भरून बाहेर मांडवातही माणसं बसली होती. दीडशे तरी असतील. विषय मीच सुचवला होता, 'मधला माणूस'. पाणवठ्यापासून सुरुवात केली, गोष्ट कचेऱ्यांवरून आणली आणि दवाखान्याच्या दारात आणून उभी केली. म्हणालो, ज्ञान ज्याच्याकडं आहे त्याच्यापर्यंत गरजवंतानं सरळ जावं. मध्ये चिठ्ठीचा अडसर कुणी घातला? लोक म्हणतात, डायरेक्ट जात नसतात. आम्ही गेलो! माझी पत्नी गीताबाई समोर बसली आहे. दोन महिने इंजेक्शनं घेऊन जी वाकू शकत नव्हती, ती चार फेऱ्यांत बरी झाली. कुणाच्या चिठ्ठीनं? आपल्याच लेकीच्या शिक्षणानं!

टाळ्या थांबेनात. मला त्या ऐकू आल्या, यावरून समज. बायकांनी काकूला उभं राहायला लावलं. पांढऱ्या साडीत ती उभी राहिली, हात जोडले आणि पुन्हा खाली बसली. खुर्ची ठेवली होती, पण वक्त्याची बायको खुर्चीवर आणि बाकीच्या बाया सतरंजीवर, हे तिलाच बरं वाटलं नाही.

सभेनंतर निदान वीस जणांनी तुझा पत्ता घेतला. अलीकडं बोलून उतरल्यावर दोन दिवस अंग मोडून येतं. काल नाही आलं. माझं बोलणं कुणाच्या तरी कामी आलेलं मला बऱ्याच वर्षांनी दिसलं.

अप्पाराव

*

उस्मानपुरा
१९ ऑगस्ट २०२५

काका, जय भीम.

लासूरहून आतापर्यंत अकरा पेशंट आले. "सरांनी सांगितलं" म्हणतात आणि चिठ्ठी विचारत नाहीत, उलट अभिमानानं सांगतात, "डायरेक्ट आलो!" एका ताईंचा खांदा आठ दिवसांत सुटायला लागला आहे. संध्याकाळी शटर ओढताना पाय दुखतात आणि बरं वाटतं. हे तुमच्यामुळं झालं.

पण दोन सोमवार काकू आल्या नाहीत. फोन लावला तर म्हणाल्या, "बरं हाय मला, तू दमू नको." काही लपवत नाहीत ना?

रत्ना

*

लासूर स्टेशन
२१ ऑगस्ट २०२५

चि. रत्नमाला,

काकू ठणठणीत आहे. रोज विहारात येते. मी विचारलं, शहरात जायचं का? तिनं हातानंच नको म्हटलं. बऱ्या झालेल्या माणसाला गाडीचे धक्के कशाला? तू नव्या पेशंटांकडं बघ.

अप्पाराव

*

लासूर टेशन
२५ ऑगस्ट, सोमवार

रत्ना,

मी चवथीपर्यंत शिकलेली. अक्षर लागलं नाय तर कडुबाला विचार, पण त्याला पत्र वाचू देऊ नको.

माझा डावा पाय माझा राहिला नाय. चालताना चप्पल गळून पडती आन मला कळत नाय, मागून कुणी हाक मारली की कळतं. बसायची जागा लाकडावानी झाली. आन परवापासून लघवी होईना. पोट दुखतं, बसून बसून उठते, होत नाय. थोडी गळती ती बी कळत नाय.

तुझ्या कागदावर ते लिहिलं व्हतं. तवा बी दोन येळा अडली व्हती आन थोडं बधिर वाटत व्हतं. पण यांनी ओसरीवर सगळ्यांम्होरं विचारलं. रामेश्वर हसला. मी काय सांगू? मान हलवली. तुझ्या इथं सांगावं म्हटलं तर हे बाजूलाच बसलेले.

मग पौर्णिमेला यांनी सगळ्यांला सांगितलं की गीताबाई बरी झाली. मला उभं केलं. आता मी आजारी हाय म्हणलं तर हे खोटे ठरत्यात. चाळीस वर्सं माणसं यांच्या शब्दावर उठत्यात बसत्यात. म्हातारपणी त्यांचा शब्द मी पाडू का?

ह्याच्यावर काही येयाम असंल तर चित्र काढून कडुबाजवळ दे. यांना सांगू नको.

काकू

*

लासूर स्टेशन
१ सप्टेंबर २०२५

रत्नमाला,

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत, म्हणून तुला तिच्यापाशी ठेवून मी घरी आलो आहे. घर मोठं झाल्यासारखं वाटतं.

त्या सोमवारी तू दुपारी गाडी घेऊन दारात उभी राहिलीस. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. तिला उचलून मागच्या सीटवर निजवलंस आणि मला म्हणालीस, "पुढं बसा." सरकारी दवाखान्यात तू लिहून नेलेला कागद डॉक्टरांपुढं ठेवलास आणि त्यांनी आपल्याला रांगेतून पुढं घेतलं. मशिनमध्ये फोटो काढला. मणक्यातली गादी सरकून खालच्या साऱ्या नसा दाबल्या गेल्यात, आजच ऑपरेशन, असं तू मला कागदावर लिहून दाखवलंस. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हणालो, कालपासून. काकूनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

ऑपरेशन झालं. पाय हलतो आहे. लघवीचं पुढं बघू म्हणाले. उशीर झाला, हेही म्हणाले.

इथं लोक येतात, बसतात, विचारतात, "सर, पुतणीच्या व्यायामानंच बिघडलं का?" रामेश्वर म्हणाला, "तरी डॉक्टर सांगत होते, चिठ्ठी घ्या म्हणून." मी उत्तर दिलं नाही. गप्प बसलं की लोक काय समजतात ते मला कळतं. तरी गप्प बसलो. आयुष्यभर बोललो आणि नेमकं तिथं बसलो.

आता तुलाच विचारतो. तुझ्या व्यायामानं झालं का?

अप्पाराव

*

उस्मानपुरा
४ सप्टेंबर २०२५

काका,

नाही. मी दिलेल्या व्यायामानं गादी सरकलेली नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना मी स्वतः विचारलं, चित्रं दाखवून विचारलं. हवं तर तुम्हीही विचारा, त्यांच्याकडं डायरेक्ट जाता येतं.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. दहा दिवस वॉर्डात जमिनीवर झोपते आहे, गोड लिहायचं बळ नाही.

चूक झाली ती दुसरी. लक्षणं जुलैतच होती. माझ्या कागदावर तुम्ही 'नाही' लिहिलं, तोवर ती चूक तुमची होती. पण पहिल्या सोमवारी काकू माझ्यासमोर गादीवर होत्या. अशा पेशंटला एकटीला विचारायचं असतं, बसायच्या जागेला स्पर्श कळतो का ते पाहायचं असतं. हे मला शिकवलेलं आहे. त्यासाठी तुम्हाला "काका, जरा बाहेर बसा" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. मग आठवलं की माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी कॉलेजच्या ऑफिसात तुम्ही टेबलावर हात आपटून माझ्यासाठी भांडला होतात. त्या माणसाला बाहेर बसा कसं म्हणू? म्हणाले नाही. कागदावरची तुमची उत्तरं खरी धरली. माझ्यातली पुतणी जपली आणि पेशंट सोडला. त्यानंतर तुम्हाला 'काकूंच्या आधी उत्तर देता' असं हसत हसत लिहिलं, म्हणजे जबाबदारी पार पडली असं मला वाटलं.

लासूरहून येणारे पेशंट थांबले. तुमच्या गप्प बसण्याचं उत्तर इथपर्यंत पोचलं. खांदा सुटत आलेल्या ताईसुद्धा येत नाहीत, त्यांचा खांदा पुन्हा धरेल.

पाटी मी काढणार नाही. चिठ्ठीसाठी चार दवाखाने फिरून माणसं दुखणं अंगावर काढतात, हे तुम्ही खरंच सांगत होता आणि ते आजही खरं आहे. पण मधला माणूस दवाखान्यातच असतो असं नाही, काका. आपल्या घरी तो तुम्ही होतात.

सोबत काकूंनी मला २५ तारखेला लिहिलेलं पत्र आहे. त्यांना विचारून पाठवते आहे. आधी नको म्हणाल्या. काल म्हणाल्या, "दे. वाचू दे त्यांना."

रत्ना

*

लासूर स्टेशन
१० सप्टेंबर २०२५

रत्ना,

वाचलं.

रविवारच्या पौर्णिमेला मी बोललो नाही. घसा बसला म्हणून सांगितलं, रामेश्वर बोलला. घसा बसलेला नव्हता.

मला वाटायचं, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीनं मी बोलतो. गावोगाव हेच केलं. भूमिहीनांच्या वतीनं बोललो, विद्यार्थ्यांच्या वतीनं बोललो, त्याचा काही उपयोगही झाला असेल. पण घरातल्या बाईला बोलता येत होतं. तिनं चौथीच्या अक्षरात जे लिहिलं आहे तसं सरळ मला आजवर एकदाही लिहिता आलेलं नाही. माझा शब्द पडू नये म्हणून तिनं पाय पडू दिला. हे वाक्यसुद्धा बघ, भाषणासारखंच झालं. ही सवय आता हाडात गेली आहे.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी मी सगळं सांगणार आहे. तिला काय काय झालं, तिनं ते का लपवलं, मी ओसरीवर काय विचारलं, सगळं, तिला समोर बसवून. तुझं नाव धुऊन निघेल आणि माझंही ओझं उतरेल. तिला सुट्टी मिळाली की तिलाही सांगतो.

अप्पाराव

*

लासूर टेशन
९ ऑक्टोबर २०२५

रत्ना,

बरी हाय. बरी म्हणजे काठी घेऊन चालते. चपलीला मागून पट्टा लावून घेतला, आता गळत नाय. नळी काढून पंधरा दिवस झाले. लघवी होती पण आली का गेली ते अर्धंच कळतं. घड्याळ बघून जाते, तू सांगितलं तसं. डॉक्टर म्हणत्यात सहा महिने वाट बघा. समदं परत येतं का म्हणून विचारलं तर पुढची तारीख लिहून दिली. मी समजले.

हे भाषण करणार व्हते, ते तुला लिहिलंच म्हणे. मला सांगायला लागले, आसं म्हणीन, मग तसं म्हणीन, लोकांच्या डोळ्याला पाणी येईल. यांना तर ऐकू येत नाय आन मला वरडायला आता जोर नाय. पोरांच्या जुन्या वहीत मी लिहिलं, माझ्या अंगाचं भाषण आता बास. माझं नाव सुदिक घ्यायचं नाय. रत्नाचं काय चुकलं नाय येवढं सांगा आन खाली बसा.

चष्मा लावून समदं वाचलं. मास्तर असून येक चूक काढली नाय.

पौर्णिमेला उभे राहिले. म्हणले, "श्रावणात मी जे सांगितलं ते न विचारता सांगितलं, ते खोटं होतं. माझ्या पुतणीच्या उपचारानं कुणाचं काही बिघडलेलं नाही, तिच्याकडं जात जा." आन बसले. माणसांला वाटलं ठसका आला आसंल, आता पुढं बोलत्याल. पाणी आणून दिलं. मग रामेश्वरनं सभा संपायचं सरणत्तय सुरू केलं. मी खुर्चीवर बसले व्हते. कुणी काय म्हणलं नाय.

तुझ्याकडं माणसं परत येत्याल का नाय ते मला सांगता येत नाय. खांदावाली मात्र सोमवारी येणार हाय, मी बी तिच्याच संगं येते. कडुबाची बायको सखूबाई बी येती म्हणती. तिचं काय दुखतं ते ती तुला सांगंल, मी लिहीत नाय. हे टेशनापर्यंत सोडायला येत्याल, गाडीत बसणार नायत. मीच नको म्हणले.

आता हे रोज सकाळी वही म्होरं ठेवत्यात. मागं नुसतं "बरं हाय ना?" म्हणून पुढं जायचे. आता विचारत्यात आन थांबत्यात. काल मी लिहिलं, पाय जड हाय, कंटाळा आला, भाकरी करायला उभं राहवत नाय. दोनदा वाचलं. आत जाऊन पीठ काढलं, पाणी लई झालं, पीठ पातळ झालं, मग आणखी पीठ, मग आणखी पाणी. दोन माणसांला आठ भाकरी झाल्या, येक बी गोल नाय.

काकू